पन्नास शब्दांचा खोळंबा

आमच्या कारखान्यात बिननावाचं यंत्र चालत नाही, हे आधीच सांगून ठेवते. डोंबिवलीच्या एमआयडीसीत आम्ही कापडाच्या रंगांना लागणारी रसायनं बनवतो. तीन मोठ्या टाक्या आहेत, त्यांची नावं काळू, भातसा आणि उल्हास. बॉयलरचं नाव तापी. नवीन यंत्र आलं की खंडेनवमीच्या पूजेत त्याला नदीचं नाव द्यायचं, नारळ फोडायचा आणि पांढऱ्या ऑइलपेंटने ते नाव त्याच्या अंगावर रंगवायचं, ही भाऊंची पद्धत. भाऊ म्हणजे आमचे मालक गुरुदत्त साहेब यांचे थोरले बंधू. धंद्यातलं त्यांना कोणी फारसं विचारत नसे, पण पूजेच्या दिवशी साहेबसुद्धा त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहत.

मी सुमती, तिथली टायपिस्ट. वीस वर्षं एकाच खुर्चीवर बसून चलनं, पत्रं, मालाचे दाखले टाइप केले. मग सत्त्याण्णवच्या शेवटी साहेबांनी कारखान्यात कॉम्प्युटर आणले. एक ऑफिसात, एक प्रयोगशाळेत, एक गेटवर माल सोडणाऱ्या दामाजीकडे, आणि या तिघांचा मुकादम म्हणून काचेच्या केबिनमध्ये एक सर्व्हर. त्या सर्व्हरवर लिनक्स नावाची सिस्टिम होती. ती बसवणारा इंजिनियर शहाणा मुलगा होता. काम झाल्यावर त्याने मला समोर बसवून मशीनची सगळी माहिती सांगितली आणि मी ती टाइप केली. बारा पानं, दोन कार्बन घालून. तेव्हा मला निम्मं कळलं नव्हतं. पण टायपिस्टचं एक असतं, जे बोटांतून जातं ते कुठेतरी मुरतं. हळूहळू मी विचारायला लागले, तो शिकवायला लागला. पुढे तो बंगलोरला नोकरीला गेला, तेव्हा मशीनचा ताबा साहेबांनी माझ्याकडे दिला. पंचेचाळिसाव्या वर्षी. ‘मशीन सुमतीबाई बघतात,’ असं लोक म्हणायचे आणि मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

इंजिनियरच्या जागी त्याच्याच ठाण्याच्या कंपनीतून हेरंब यायला लागला. तिथेच वर्तकनगरात राहायचा. चोवीस वर्षांचा, कमरेला पेजर, आणि तोंडात सारखं ‘मॅडम, तुम्ही राहू द्या.’ बारा पानांची फाइल मी त्याला पहिल्याच दिवशी दाखवली. त्याने ती चाळलीही नाही. म्हणाला, हे सगळं आम्हाला कॉलेजात झालंय.

तर अठ्ठ्याण्णवची खंडेनवमी. सगळी यंत्रं बंद, सगळ्यांना झेंडूच्या माळा. भाऊ हळदकुंकवाचं ताट घेऊन काचेच्या केबिनमध्ये आले आणि सर्व्हरवरची कागदाची पट्टी वाचून थबकले. आधीच्या इंजिनियरने मशीनचं नाव ‘ठाणे-१’ ठेवलं होतं.

“कारखाना डोंबिवलीत आणि यंत्राचं नाव ठाणे?” भाऊ म्हणाले. “हिला कोणी इथलं नाव दिलं की नाही? सासरी आल्यावर माहेरचं नाव चालत नाही. आजपासून ही नर्मदा.”

सगळे हसले. मी खाली पडलेल्या पाकळ्या वेचत होते. हेरंब पूजेला आला होता, त्याने भाऊंना खूश करायला लगेच मशीन चालू करून सेटिंगमध्ये जुनं नाव खोडून नवं टाइप केलं आणि ते पुन्हा बंद केलं. दामाजीने ब्रश घेऊन डब्यावर ‘नर्मदा’ रंगवलं. पेढा तोंडात टाकून हेरंब निघाला, मशीन पुन्हा चालू होईपर्यंत थांबलासुद्धा नाही. मी ते चालू केलं. चालू होताना पडद्यावर एकेक ओळ येते, त्यातल्या टपालाच्या, म्हणजे ई-मेलच्या, ओळीवर ते बराच वेळ अडकून बसलं आणि मग पुढे गेलं. पूजेचा दिवस, मी तिकडे लक्ष दिलं नाही.

खरा तमाशा कामाला सुरुवात झाल्यावर. माल भरलेला टेंपो गेटवर आला की दामाजी कॉम्प्युटरवर चलनाचं बटण दाबतो आणि तिथल्या तिथे प्रिंटरमधून चलन बाहेर येतं. ते घेतल्याशिवाय टेंपो सुटत नाही. त्या दिवशी दामाजीने बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. त्याने पुन्हा दाबलं. बऱ्याच वेळाने प्रिंटरला जाग आली आणि एकाच्या जागी दोन चलनं निघाली. प्रत्येक टेंपोला हेच. दुपारपर्यंत टेंपोंची रांग गेटबाहेर शेजारच्या कंपनीच्या दारात गेली आणि ड्रायव्हर लोक हॉर्नवर हात ठेवून बसले. दामाजी मूळचा खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, त्याला ओरडून बोलायची सवय. तो गेटवरूनच हाक मारायचा, “बाई, तुमची नर्मदा आज पन झोपली हाय.”

हेरंब तीनदा आला. पहिल्यांदा त्याने वायर बदलली. दुसऱ्यांदा मशीनमधलं कार्ड बदललं. तिसऱ्यांदा प्रिंटर बदलला. दर वेळी ‘आता बघा कसं पळतं’ म्हणाला आणि दर वेळी ते तसंच रांगत राहिलं. शेवटी त्याने साहेबांच्या केबिनमध्ये बसून निकाल दिला. मशीन जुनं झालंय, लिनक्सला कोणी वाली नसतो, आमच्या कंपनीची दुसरी सिस्टिम घ्या. आणि उठता उठता म्हणाला, मॅडमनी शिकण्याच्या नादात काहीतरी दाबलं असेल. तेवढ्यावर न थांबता त्याने मशीनचा मुख्य पासवर्डही बदलून टाकला. म्हणजे मशीन उघडून बघण्यापुरती मी, त्यात काही दुरुस्त करायचं तर हेरंब.

मला इतका राग आला होता की त्या दुपारी मी डबा खाल्ला नाही. वीस वर्षांत माझ्या पत्रात कोणी चूक काढली नव्हती.

बुधवारी साहेबांनी बोलावलं. माणूस वाईट नाही, पण सुरतेच्या गिऱ्हाइकाने उशिराबद्दल त्यांना बरंच ऐकवलं होतं आणि ते त्याला भेटायलाच निघाले होते. म्हणाले, शनिवारी मी परत येतो. शनिवारी बारापर्यंत हे सुधारलं नाही तर हेरंबचं नवं मशीन बसेल आणि ते चालवायला त्यांचाच माणूस येईल. “तुम्ही परत आपल्या टायपिंगवर या, सुमतीबाई. त्यात तुमचा हात धरणारं कोणी नाही.”

त्यांनी ते कौतुक म्हणून सांगितलं. मी ‘हो’ म्हटलं आणि बाहेर येऊन काचेच्या केबिनकडे बघत उभी राहिले. ती केबिन मिळायला मला वीस वर्षं लागली होती आणि ती जायला तीन दिवस उरले होते.

गुरुवारी मी माझा टाइपरायटर उचलून त्या केबिनमध्ये नेला. चलनं अडकायची तेवढ्या वेळात साठलेली पत्रं तरी उरकावीत, एवढाच विचार. दामाजीने बटण दाबलं की तो गेटवरून हात वर करायचा, मला काचेतून दिसायचं. हात वर झाला की मी टाइप करायला लागायची आणि गेटवर प्रिंटर वाजला की थांबायची. तिसऱ्या की चौथ्या चलनाला माझ्या लक्षात आलं की दर वेळी मी साधारण तेवढ्याच ओळी टाइप करते आहे. मी शब्द मोजले. पन्नास. पुढच्या चलनाला मुद्दाम मोजले. पन्नास. त्याच्या पुढे एक्कावन्न, मग पुन्हा पन्नास.

माझा वेग मिनिटाला चाळीस शब्द आहे. सरकारी परीक्षेत होता तोच, त्यात फरक नाही. म्हणजे हा खोळंबा दर वेळी बरोबर सव्वा मिनिटाचा होता, ना कमी ना जास्त. आता, सैल वायरला अशी शिस्त असते का? बिघडलेलं यंत्र कधी लवकर चालतं, कधी उशिरा, कधी अजिबात चालत नाही. इतकं नेमाने थांबतो तो बिघाड नव्हे. आत कोणीतरी कशाची तरी वाट बघत होतं आणि ठरलेला वेळ झाला की नाद सोडून पुढचं काम करत होतं.

कशाची वाट, ते शुक्रवारी सकाळी भाऊंनी सांगितलं. म्हणजे ते आले होते तक्रार करायला. त्यांच्या खोलीतला फोन उचलावा तर मधूनमधून तो आधीच कोणीतरी वापरत असायचा. खोलीत दुसरं माणूस नाही, मग फोन करतंय कोण? ही लाइन आणि सर्व्हरच्या मोडेमची लाइन एकच होती. मोडेम म्हणजे मशीनसाठी फोन लावणारी डबी, तिच्यातून सकाळ-संध्याकाळ मुंबईला फोन लागून आमचं ई-मेल यायचं. मी भाऊंना रिसीव्हर कानाला लावून बसायला सांगितलं आणि दामाजीला एक चलन काढायला सांगितलं. त्याचा हात वर झाला त्याच क्षणी मोडेमचा दिवा लागला आणि भाऊ आतून म्हणाले, “गेली लाइन.”

म्हणजे गेटवर चलन छापायला आमची नर्मदा मुंबईला फोन लावत होती. आणि मुंबईची लाइन तेव्हा कधी मोकळी असायची, हे त्या काळी फोन लावलेल्या कोणालाही विचारा.

मी बारा पानांची फाइल काढली. नववं पान. मीच टाइप केलेलं, आणि त्या वेळी अजिबात न समजलेलं. मशीनला एखाद्या नावाचा पत्ता हवा असेल तर ते आधी आपल्या घरातली यादी बघतं. ही यादी ‘होस्ट्स’ नावाच्या फाइलमध्ये असते, प्रत्येक मशीनचा पत्ता म्हणून एक आकडा आणि त्यापुढे त्याचं नाव. नाव तिथे सापडलं नाही तर ते फोन लावून बाहेरच्या मोठ्या मशीनला विचारतं. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारतं, दर वेळी आधीपेक्षा दुप्पट थांबून. पाच सेकंद, दहा, वीस, चाळीस. मी बेरीज केली. पंचाहत्तर. पन्नास शब्द.

म्हणजे मशीन कोणाचं तरी नाव विचारत होतं आणि घरात ते नाव कोणाला माहीत नव्हतं. पण कोणाचं? ऑफिस, प्रयोगशाळा, गेट, तिघांची नावं होती तीच होती, त्यांना कोणी हात लावला नव्हता. मी दोन तास डोकं खाजवलं. जेवणाची सुट्टी झाली, डबा उघडला, पहिला घास तोंडात घातला आणि तो तसाच राहिला.

मी जन्माची मंदाकिनी. पंचाहत्तर साली लग्न झालं, ताटातल्या तांदळात अंगठीने ‘सुमती’ लिहिलं गेलं आणि मी सुमती झाले. लग्नाआधी मी सरकारी स्टेनोच्या जागेसाठी अर्ज केला होता. नंतर डोंबिवलीचा नवा पत्ता मी त्या कचेरीला कळवला, घरी मात्र भीतीपोटी कोणाला काही सांगितलं नाही. दोन महिन्यांनी मुलाखतीचं पत्र आलं, कुमारी मंदाकिनी या नावाने. दारात माझ्या चुलतसासूबाई, रमाबाई, होत्या. त्यांनी पोस्टमनला सांगितलं की मंदाकिनी नावाचं आमच्याकडे कोणी नाही. पोस्टमनने शेजारी विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं. पत्र परत गेलं. रमाबाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्या घरात मंदाकिनी हे नाव ना रेशनकार्डावर होतं, ना दारावर, ना कोणाच्या तोंडी. मी तेव्हा आत पोळ्या लाटत होते आणि स्टोच्या आवाजात मला काही ऐकूसुद्धा आलं नाही. तारीख उलटून गेल्यावर सगळं कळलं. त्या दिवशी मी मोरीत तोंड धुण्याच्या निमित्ताने जी रडले, ती अजून आठवते.

डबा उघडा टाकून मी केबिनमध्ये धावले. यादी वाचायला पासवर्ड लागत नाही. मी ती पडद्यावर आणली. ऑफिस होतं, प्रयोगशाळा होती, गेट होतं, आणि सगळ्यात वर, सर्व्हरच्या स्वतःच्या आकड्यापुढे, ‘ठाणे-१’. नर्मदा कुठेच नव्हती. मशीन दुसऱ्या कोणाचा नव्हे, स्वतःचाच पत्ता विचारत होतं. पूजेत त्याला सांगितलं की तू नर्मदा. छापायच्या आधी ते बिचारं बघत होतं की ही नर्मदा राहते कुठे. घरच्या यादीत असं कोणी नाही. मग मुंबईला फोन. मुंबईला तर जन्मात ठाऊक नसणार.

त्या दिवशी उरलेली सगळी पत्रं मी अशा वेगाने टाइप केली की दामाजी बघायला आला, बाईंना झालंय काय.

शनिवारी अकरा वाजता हेरंब नव्या मशीनचे तीन खोके रिक्षातून घेऊन आला. पाठोपाठ साहेब आले. केबिनमध्ये साहेब, भाऊ आणि हेरंब, आणि दारात चलनाच्या निमित्ताने दामाजी. मी साहेबांना म्हटलं, खोके उघडायच्या आधी मला पाच मिनिटं आणि मुख्य पासवर्ड द्या. हेरंब हसला. काय करणार आहात, मॅडम? मी यादीबद्दल सांगितलं. तो म्हणाला, नाव म्हणजे नुसतं लेबल असतं, काहीही द्या, त्याने मशीन हळू होत नाही.

“नाव तुम्ही बदललंत,” मी म्हटलं. “यादीत कोणी लिहायचं होतं?”

साहेबांनी एकदा हेरंबकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्याला म्हणाले, टाका पासवर्ड.

मी खुर्चीवर बसले. यादी उघडली, सर्व्हरच्या आकड्यापुढे ‘नर्मदा’ टाइप केलं, आणि त्याच ओळीत तिच्या मागे ‘ठाणे-१’ तसंच ठेवलं. हेरंब मागून वाकून बघत होता. म्हणाला, जुनं नाव काढून टाका, आता त्याची गरज नाही.

“राहू दे,” मी म्हटलं. “एका ओळीत दोन्ही चालतात. जुन्या नावाने कोणी विचारत आलं तर दारातून परत जायला नको.”

फाइल बंद केली. मग मी टाइपरायटर पुढे ओढला, त्यात कागद घातला आणि दामाजीला सांगितलं, जा, चलन काढ. तो पळत गेटवर गेला. त्याने हात वर केला. मी ‘सविनय’ एवढं टाइप केलं आणि पुढच्या शब्दाला हात घालेपर्यंत गेटवर प्रिंटर वाजायला लागला. दामाजी चलन हवेत फडकवत नाचत होता. दुसरं चलन, तसंच. तिसरं, तसंच. मोडेमचा दिवा एकदाही लागला नाही. भाऊ आपल्या खोलीत जाऊन फोन कानाला लावून आले आणि लाइन मोकळी आहे म्हणून त्यांनी जाहीर केलं. मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. टपालाच्या ज्या ओळीवर ते खंडेनवमीपासून अडकत होतं, ती ओळ सर्रकन वर निघून गेली. बाराच्या भोंग्याआधी गेटवरचा शेवटचा टेंपो कल्याणच्या रस्त्याला लागला होता.

मला काय वाटलं ते लपवत नाही. मला वाटलं, मी त्या टायपिस्टच्या खुर्चीत वीस वर्षं उगाच बसले नव्हते. एका-एका शब्दाचा तिथे उपयोग झाला.

हेरंबचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण मुलगा अगदीच वाया गेलेला नव्हता. तो बराच वेळ ती यादी वाचत राहिला आणि मग त्याने खालच्या आवाजात विचारलं की मॅडम, ही सव्वा मिनिटाची गोष्ट तुम्हाला कळली कशी? मी त्याला बारा पानांची कार्बन कॉपी काढून दिली. नववं पान पुसट आलं होतं, तर ते तिथेच बसून त्याने पेनाने गिरवून घेतलं. खोके ज्या रिक्षातून आले होते, ती दामाजीने सोडलीच नव्हती. ते त्याच रिक्षात परत चढले.

साहेब म्हणाले, सुमतीबाई, मशीन तुमच्याकडेच राहील. मी म्हटलं, साहेब, हे लेखी द्या. ते जरा चमकले. मग हसले आणि म्हणाले, तुम्हीच टाइप करून आणा, मी सही करतो. मी दोन कार्बन घालून टाइप केलं, की सर्व्हर आणि त्याच्या पासवर्डचा ताबा माझ्याकडे असेल आणि मला विचारल्याशिवाय त्यात कोणीही काही बदलणार नाही. साहेबांनी तिन्ही प्रतींवर सही केली. एक मी फाइलला लावली, एक पर्समध्ये ठेवली आणि तिसरी केबिनच्या काचेवर चिकटवली.

दुपारच्या पाळीला दामाजी काचेवरच्या त्या कागदासमोर उभा राहून एकेक शब्द जुळवत वाचत होता. वाचून झाल्यावर माझ्याकडे वळला.

“म्हंजे बाई, आता काय बिघरला तं ठान्याला फोन नाय कराचा?”

“करायचा,” मी म्हटलं. “पण आधी घरात विचारायचं. घरात मी आहे.”